बाबांच्या लेंग्याची नाडी

मला गाठ मारता येत नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने हे कबूल करावं की नाही, हा प्रश्नच आहे. पण माझ्या बुटांच्या नाड्या कर्जत स्टेशनच्या जिन्यावर किती वेळा सुटल्या हे अर्ध्या दहिवलीला ठाऊक असताना लपवणार तरी काय? त्यातून मी मंडपवाल्याचा मुलगा. म्हणजे हलवायाच्या पोराला मधुमेह असावा, तशातली गत.

बाबांनी सगळं आयुष्य मांडव बांधण्यात घालवलं. बांबू आणि काथ्याचा सुंभ, बस्स. भिवपुरीच्या क्वार्टर्समधलं बारसं, शिळफाट्याचं लग्न, कुठला उरूस, आमच्या वस्तीतली जयंती, सगळीकडे तोच सुंभ जायचा. त्यांचा कायदा एकच होता: सुंभाला विळा लावायचा नाही. गाठ वाऱ्याने हलता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओढीत सुटली पाहिजे, कारण संध्याकाळी तोच सुंभ दुसऱ्या मांडवाला लागायचा. एखाद्या लग्नात भटजी नवरानवरीच्या उपरण्याला शालूची गाठ मारत असले की बाबा खांबाला टेकून बघायचे आणि हळूच म्हणायचे, "नाय टिकायची. पीळच नाय दिला." त्यांचे काही अंदाज खरे ठरले, हे सांगणं बरं दिसत नाही, पण ठरले.

मलाही त्यांनी दोन उन्हाळे शिकवून पाहिलं. मी बांधलेला बांबू एका हळदीत सुटून थेट आमटीच्या पातेल्यात उतरला. त्या दिवशी बाबा म्हणाले, "तू शाळा शीक रं बाबा." मी शिकलो आणि लिपिक झालो. आता दिवसभर फायलींच्या फिती बांधतो. त्या मात्र सुटत नाहीत. बाबांच्या मते त्याचं कारण साधं होतं: "त्या परत उघडतं कोण?"

आपल्या भाषेला गाठींचं एवढं वेड का, कोण जाणे. भेटलो तरी गाठ पडते आणि भांडलो तरी माझ्याशी गाठ आहे. दोन पैसे असले तर गाठीशी असतात. पाडव्याला साखरेच्या गाठी गळ्यात घालतात, त्यांना दिवसभर मुंग्या लागतात. आई अजून पदराला गाठ मारते, काहीतरी लक्षात राहावं म्हणून. मग कशासाठी मारली ते घरभर विचारत फिरते. आणि चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आम्हाला आणखी एक गाठ दाखवली. ती बाबांच्या मेंदूत होती, रक्ताची.

बाबांचा उजवा हात गेला. पाय थोडा ओढत ओढत राहिला. तोंड वाकडं झालं तरी जीभ लवकर परत आली. आधी शिव्या आल्या, मग आमची नावं. काठी घेऊन ते घरातल्या घरात चालायला लागले. सगळं जमत होतं, अडत होतं ते एकाच ठिकाणी: लेंग्याच्या नाडीपाशी.

एका हाताने नाडी बांधता येत नाही. खोटं वाटत असेल तर करून बघा. लुंगी नेसवली, ती चार पावलांत खाली. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी इलॅस्टिकचा लेंगा सुचवला. बाबांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी पुढच्या खेपेला विषय काढला नाही. "मी काय बालवाडीत जातो?" हे त्यांनी मला नंतर ऐकवलं. सुनेने नाडीला हात लावायचा नाही, आईने लावला तर दोघं भांडणार. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. घरात चार माणसं, आणि गाठ मारायला नेमका मी.

पहिल्या आठवड्यात मी रीतसर सुरगाठ मारली. बाबांना बघायला खालापूरहून त्यांचे साडू आले होते. बाबा त्यांना रामराम करायला काठी टेकत उठले आणि लेंगा जागच्या जागी बसला. साडू तब्येतीचं विचारत राहिले, नजर पंख्यावर ठेवून. त्यानंतर मी निरगाठ मारायला लागलो. दोनदा, आवळून. मला ऑफिसला निश्चिंत जाता यायचं. बाबांना संडासला जायचं असलं की आई भांडण पत्करून आधी पंधरा मिनिटं नखांनी गाठ उकलायची, मग ते आत जायचे, दार अर्धं उघडं ठेवून. ही व्यवस्था आहे असं मला वाटत होतं. आज लाज वाटते.

मग एका रविवारी पोटाने पंधरा मिनिटं दिली नाहीत. बाबांनी हाक मारली, मी धावलो. नाडी घामाने फुगली होती. मी गुडघ्यावर बसून नखं लावली, आईने दात लावायची तयारी दाखवली, मग ती कात्री घेऊन आली. "कापू नको," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, नाडी आहे, सुंभ नाही." "कापू नको म्हटलं ना." आणि या वादात जे व्हायचं ते उभ्या उभ्या झालं.

आईने फरशी पुसली, मी त्यांना आंघोळ घातली. ते पूर्ण वेळ भिंतीकडे बघत होते. ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याच्या वराती छपराखाली घेतल्या, त्याला मी त्याच्याच लेंग्यात कोंडून ठेवलं होतं. दुपारी ते जेवले नाहीत.

चहाच्या वेळेला म्हणाले, "माळ्यावरचा सुंभ काढ."

मी काढला. त्यांनी तो मला पडवीच्या खांबाला बांधायला लावला आणि डाव्या हातातल्या काठीने ते माझ्या बोटांना टोचत राहिले. "आधी दोन वेढे. दोन म्हंजी दोन. आता आवळ. शेवट आरपार काढू नको, दुमडून अर्धाच सार. शेपटी लांब ठेव." माझी गाठ सुटायची नाहीतर घट्ट बसायची, तिसरं काही होत नव्हतं. "पन्नास वर्सं भात खाल्लास रं," बाबा म्हणाले. आई आतून म्हणाली, "अवो, हळू सांगा की." "हळू सांगूनच ही दशा झाली."

विसाव्या खेपेला मी विचारलं, "तुम्ही बांधताना बघता तरी काय नेमकं?"

"सोडणारा कोन हाय ते बघतो," ते म्हणाले. "तू मारलीस ती तुझ्यासाठी. सुटू नये म्हनून. मला ती सुटायला पायजे होती." रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बांबू कुठे लावायचा हे सांगावं तसं सांगितलं.

मी सुंभ पुन्हा खांबाभोवती घेतला. दिवेलागणीपर्यंत मला ती गाठ आली. बाबांनी डाव्या हाताने शेपटी ओढली, सुंभ खांबावरून गळून पडला. "बरी हाय," म्हणाले आणि जेवायला वाढ म्हणून आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यापुढे बसून नाडी बांधली. दोन वेढे, दुमड, लांब शेपटी डाव्या बाजूला. चहा झाला. थोड्या वेळाने ते कुणाला हाक न मारता उठले, काठी टेकत संडासात गेले, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आई हातातलं ताट तसंच घेऊन दाराशी आली. मीही गेलो. आत काठी भिंतीला टेकल्याचं ऐकू आलं, मग काहीच नाही, मग कापडाची हलकी सर्र. आईने माझं मनगट धरलं.

"जावा तिकडं दोघंबी," आतून बाबा म्हणाले. "हितं काय कीर्तन लागलंय?"

आम्ही गेलो. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी आम्हाला हाकलून दिलं होतं.