आमच्या वॉर्डातली घरची माणसं

नोकरी संपून बरीच वर्षं झाली. तरी कुणाच्या लग्नात आम्ही जुन्या सिस्टर्स भेटलो, की एकीनं दुसरीला ‘तो आठवतो का गं?’ म्हणायचा अवकाश, वाढपी येऊन जातो आणि आमची ताटं तशीच राहतात. किस्से आम्ही कधी जमवले नाहीत. स्वयंपाकघरात रिकाम्या पिशव्या साठतात तसे ते ड्युटी करता करता साठत गेले. आणि त्यातले निम्मे पेशंटचे नाहीतच, पेशंटच्या घरच्यांचे आहेत. मुलांच्या हॉस्पिटलात पेशंट एवढासा असतो आणि त्याच्याबरोबर आलेली माणसं ट्रकभर.

मी कोल्हापुरात एका मुलांच्या हॉस्पिटलात वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. नव्वदच्या पुढची ती वर्षं. तेव्हाचा नियम साधा होता. मूल आत, माणसं बाहेर. भेटायची वेळ झाली की घंटा, संपली की परत घंटा. आई दाराच्या काचेला नाक लावून उभी आणि मूल आत घसा फोडून रडतंय. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, सगळीकडे असंच होतं.

मग आमचे सर, म्हणजे हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, कुठल्याशा कॉन्फरन्सला जाऊन आले. आल्या आल्या मीटिंग घेतली. म्हणाले, “उद्यापासून घरची माणसं आत. ती बघायला आलेली पाहुणी नाहीत, आपल्यातलीच आहेत असं धरायचं. भरवणं, पुसणं, औषध पाजणं, सगळं त्यांना शिकवायचं आणि त्यांच्याकडूनच करून घ्यायचं.”

मी म्हटलं, “सर, हे कोल्हापूर आहे. घरची माणसं म्हणजे नक्की किती?”

“आई सोडून एका वेळी एक. घड्याळ, अंगठ्या काढून, कोपरापर्यंत हात धुऊन. हा नियम सगळ्यांना, मलासुद्धा. आमच्यापैकी कुणी चुकलं तर आम्हालाही अडवा, असं सांगायचं त्यांना.”

सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरला अडवायचं म्हटल्यावर काही जण हसलेही.

*

पहिल्याच आठवड्यात कागलकडचा एक पोरगा टायफॉइडनं अॅडमिट झाला. आठेक वर्षांचा असेल. एका वेळी एक, हा नियम मी त्याच्या वडिलांना नीट समजावला. ते म्हणाले, “व्हय की शिस्टर, येकच.”

दुपारी बघते तर बेसिनपासून पार गेटपर्यंत रांग. सगळी भावकी ट्रॅक्टरमधून आली होती. एकेक जण हात धुणार, आत येणार, पोराच्या कपाळावर हात ठेवून “बरं हाय का रं?” म्हणून विचारणार, पोरगा “व्हय” म्हणणार, की हा बाहेर आणि पुढचा आत. नियम कुठेही मोडला नव्हता. बोलायला मला जागाच ठेवली नव्हती त्यांनी.

पोरानं थोडा वेळ सोसलं. मग चादर डोक्यावरून ओढून घेतली. संध्याकाळी सर राउंडला आले तेव्हा चादरीच्या आतूनच म्हणाला, “डाक्टर, पायजे तर आणि येक सुई टोचा. पर ती रांग बंद करा.”

*

सरांनी कॉन्फरन्सहून आणखी एक सवय आणली होती. राउंडला प्रत्येक आईबापाला विचारायचं, “तुम्हाला काय वाटतं? मुलाला काय होतंय?” विचार चांगला होता. घरच्या माणसाला मुलाचं जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, हे मलाही पटत होतं.

एका गृहस्थांनी हा प्रश्न ऐकला, थोडा वेळ सरांच्या तोंडाकडे बघितलं, मूल टॉवेलात गुंडाळलं आणि बायकोला म्हणाले, “चल गं. ह्यास्नीच काय समजंना झालंय, आमाला इचारत्यात.”

त्यांना एसटी स्टँडवरून परत आणायला आमचा वॉचमन सायकल घेऊन पळाला. त्या दिवसापासून सर आधी स्वतःला काय वाटतं ते सांगायचे, औषध लिहायचे आणि मगच विचारायचे.

*

त्या हिवाळ्यात वंदना आमच्याकडे आली. राधानगरीच्या वरच्या अंगाचं गाव. बाळ दिवस भरायच्या बरंच आधी झालेलं, एका तळहातात मावेल एवढं. बरोबर सासू, हौसाबाई. बाई तोंडानं फटकळ, कामाला वाघ, आणि सुनेवर जीव होता हे पहिल्या दिवशीच कळलं.

वंदना मात्र बोलायची नाही. काही विचारलं तर पदर सारखा करून सासूच्या कानाशी लागायची, आणि हौसाबाई मोठ्यानं सांगायच्या, “ती म्हणतीया, दूध पाजलंय.” “ती म्हणतीया, रातच्याला शिंकलं.” लेकराची आई कोण आणि बोलणार कोण, असा प्रकार.

कारण हौसाबाईंनीच मला बाजूला घेऊन सांगितलं. हे दुसरं बाळंतपण. पहिलंही असंच अपुऱ्या दिवसांचं होतं, तग धरून घरी गेलं होतं. बारशाला सगळा गाव लोटला. ज्याला त्याला बाळ मांडीवर पायजे. कुणी खोकत होतं, कुणी शेतातनं तसंच आलं होतं. आठवड्यात बाळाला ताप भरला आणि ते गेलं.

“हिला दिसत हुतं सगळं,” हौसाबाई म्हणाल्या. “पर मोठ्या माणसांस्नी न्हाय कसं म्हणायचं? मी बी काय बोलले न्हाय. माजीच सासू फुडं हुती.”

 त्याच संध्याकाळी मी हे सरांना सांगितलं.

*

वंदनाच्या शेजारच्या कॉटवर कबनूरचं एक बाळ दम्यासाठी आलं. आल्यापासून रडत होतं. भूक नाही, दुखणं नाही, तपासून झालं, तरी रडणं थांबेना. वाफ द्यायचं मशीन लावलं की मात्र चिडीचूप, डोळे मिटून गाढ. मशीन बंद केलं की पुन्हा सुरू.

सरांनी वडिलांना विचारलं, आता योग्य क्रमानं, “तुम्हाला काय वाटतं?”

वडील म्हणाले, “सायेब, आमचं घर म्हंजे चार माग आन् मदी आमी. हे जल्मल्यापासनं खडखडाटात झोपतंय. हितं लई सामसूम हाय. त्याला वाटतंय लाइट गेली.”

सरांनी औषध न घालता नुसतं मशीन चालू ठेवायला सांगितलं. बाळ झोपलं. बाकीच्या आया कुरकुरायला लागल्या तेव्हा कॉट आमच्या खोलीत नेली, आणि मग दोन दिवस आम्ही सगळ्या एकमेकींशी ओरडून बोलत होतो. वंदना तोंडाला पदर लावून हसली. ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली.

*

बाळ आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं बांधून ठेवायचं, ही पद्धत सरांनी तेव्हाच सुरू केली होती. कांगारूची मादी पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवते तसं. बाळाला उबेत ठेवायच्या मशीनपेक्षा आईची ऊब बरी, शिवाय लाइट गेली तरी ती जात नाही.

बिद्रीकडच्या कांबळ्यांना जुळं झालं होतं. एक आईच्या छातीवर, दुसरं कांबळ्यांच्या. माणूस साखर कारखान्यात कामाला, तब्येतीनं दणदणीत, मोठ्या मिशा. सर राउंडला आले की बसल्या जागेवरूनच दबक्या आवाजात “जय भीम, सर” म्हणायचे. मोठ्यानं म्हटलं तर बाळ दचकायचं.

हंगाम सुरू होता. कारखान्यातले दोघं त्यांना बोलवायला आले. दारातून बघतात तर कांबळे उघडे, छातीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी, वरून घोंगडं.

“सायेब इचारत्यात, कामावर कवा येनार?”

कांबळे हलले नाहीत. “सायबाला सांग, हितं ड्युटी लागलीया. उटाय येत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर त्यातला एक जण परत आला. आंघोळ करून, घड्याळ घरी ठेवून. मला म्हणाला, “त्याला जरा जेवू दे. तवर मी धरतो.”

मी सरांना बोलावलं, कारण आत यायची मुभा फक्त घरच्यांना होती. सरांनी विचारलं, “तुमचं नातं काय?”

“येका पाळीतलं हाय, सायेब.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टूल पुढे सरकवलं.

वंदना हे सगळं बघत होती. तिच्याही छातीवर बाळ बांधलेलं असायचं. त्या माणसानं बाळ घ्यायच्या आधी बेसिनवर किती वेळ हात चोळून धुतले, तेही तिनं मान उंच करून बघितलं.

*

वंदनाचं बाळ वाढत होतं. दूध जोर लावून ओढायला लागलं, गालावर मांस आलं. हौसाबाईंना घरचे वेध लागले. म्हशी शेजारणीच्या जिवावर सोडून आल्या होत्या. शिवाय बारसं करायचं होतं. “पयल्या बारशापरास मोटं करनार,” त्या म्हणायच्या, आणि वंदनाचा चेहरा उतरायचा.

सर म्हणाले, “सिस्टर, बाळ घरी जायला तयार आहे. आई नाही. ही कुणाला एकदा तरी नाही म्हणाली तर मी सोडीन.”

मग मी रोज दुपारी तिची तालीम घ्यायला लागले. बाहेर जायचं आणि कुणीतरी होऊन आत यायचं. आधी शेजारीण झाले. “बघू गं बाळ, दे इकडं.” तिनं दिलं. मग खोकणारी चुलत सासू झाले. दिलं. मग हाताला शेण लागलेली मामी झाले, म्हणजे तसं तोंडानं सांगितलं. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाळ दिलं.

मी वैतागले. “अगं, नाही म्हण की!”

ती सासूच्या कानाशी लागली. हौसाबाई म्हणाल्या, “ती म्हणतीया, तुमी मोट्या हायसा.”

“मग तुम्ही म्हणाल का नाही?” मी हौसाबाईंनाच विचारलं. त्या बाळाचं टोपडं सारखं करायला लागल्या. त्यांच्यापेक्षा मोठी, त्यांची सासू, अजून घरात होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे आज सांगायला हरकत नाही. नर्सनं एका पेशंटमध्ये इतकं अडकू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी तो तळहाताएवढा जीव बघितलेला नसतो.

*

दोन दिवसांनी, राउंडची वेळ. ओपीडीत गर्दी, सर उशिरा आणि घाईत आले. बेसिनवर हात धुतले आणि थेट वंदनाच्या कॉटपाशी. हौसाबाई उठून उभ्या राहिल्या. वंदनानं बाळ फडक्यातून सोडून मांडीवर घेतलं होतं. सरांनी बाळाच्या पोटाकडे हात नेला.

वंदनानं बाळ छातीशी ओढलं आणि खांदा मध्ये घातला.

मला वाटलं बाळाला काही झालं. सरांचा हात तसाच अधांतरी. वंदना सासूकडे वळली नाही. सरांच्या मनगटाकडे बघत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आदी घड्याळ काढा.”

सरांच्या मनगटावर खरंच घड्याळ होतं. ते विसरले होते की मुद्दाम ठेवलं होतं, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

हौसाबाईंनी कपाळाला हात लावला. “आगं, डाक्टर हायती ते!”

“असूद्यात की.”

सरांनी घड्याळ काढलं. ठेवायला जागा दिसेना, तेव्हा हौसाबाईंनी पदर पुढे केला, त्यात ठेवलं. बेसिनवर गेले, कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि परत येऊन उभे राहिले. वंदनानं बाळ अजून दिलं नव्हतं. तिनं एक बोट पुढे केलं आणि सरांच्या तळव्याला लावून बघितलं.

“गार हायती,” ती म्हणाली. “चोळा जरा.”

 ज्यांच्यासमोर आम्ही पंधरा-पंधरा वर्षं मान वर करून बोललो नव्हतो, ते आमचे सर वंदनाच्या पुढे उभे राहून दोन्ही तळवे एकमेकांवर चोळत होते. चोळता चोळताच, माझ्याकडे न बघता म्हणाले, “सिस्टर, बारसं कधी धरलंय ते विचारून घ्या.”