विरुद्ध बाजूला एकटी चंद्रा

हे बाहेर सांगायचं नाही, असं बाईंनी आम्हा मुलींना बजावलंय. पण आमच्या मुलुंडच्या शाळेत पंधरा ऑगस्ट जवळ आला, की किस्से इतके साठतात, की पोटात मावत नाहीत!

यंदा नववीला वादविवादाचा विषय होता, 'स्वातंत्र्यदिन साजरा करावा का?' करावा म्हणायला अकरा जणी. विरुद्ध बाजूला एकटी चंद्रा. तिचे वडील म्युनिसिपालिटीत झाडूवाले.

बाई म्हणाल्या, "तू? अगं, तुमच्यासाठी केवढं केलंय सरकारनं!"

"काय काय ते सांगा ना बाई, भाषणात घालते."

बाईंनी हजेरीपट उघडला.

*

तयारीला कुसुमच्या घरी जमलो. आम्हाला सतरंजी, चंद्राला दाराबाहेरची पायरी. कुसुमची आई हळूच म्हणाली, "माझं काही नाही गं, सासूबाईंना चालत नाही."

सासूबाई दोन महिने मालवणला होत्या!

चंद्रा म्हणाली, "पत्र टाकून विचारू या का, काकू?"

*

इंग्रजांच्या राज्यात बाबांच्या ऑफिसातला गोरा साहेब त्यांना कधी समोर बसू देत नसे. जेवताना हे सांगताना बाबांचा आवाज अजून चढतो. "आम्ही काय माणसं नव्हतो?"

मी विचारलं, "बाबा, चंद्राला एकदा जेवायला बोलावू?"

बाबा आईला म्हणाले, "आमटी वाढ."

*

चंद्राचं भाषण मीच चांगल्या अक्षरात उतरवून दिलं होतं. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी हेडसरांनी ते मागवलं. "पाहुणे येणार आहेत," म्हणत लाल पेन्सिल चालवली. विहिरीचं गेलं, देवळाचं गेलं, तिच्या वडिलांना 'अरे' म्हणणाऱ्या पोरांचं गेलं. चार पानांतल्या सहा ओळी उरल्या.

"एवढंच वाचायचं. नाहीतर स्टेजवर यायचं नाही."

चंद्रा नुसती "हो सर" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती माईकसमोर उभी राहिली. पहिली ओळ वाचली, "स्वातंत्र्य मिळालं याचा मलाही आनंद आहे." आणि थांबली. नजर कागदावर, बोट एकेका खोडलेल्या ओळीवरून सावकाश सरकतंय. बऱ्याच वेळानं दुसरी ओळ वाचली. पुन्हा तसंच. पाहुणे खोकले. हेडसर पुढे वाकून कुजबुजले, "थांबलीस का? वाच ना!"

चंद्रा माईकमधूनच म्हणाली, "वाचतेच आहे, सर."

खोडलेल्या ओळी मला पाठ होत्या. तिच्या बोटाबरोबर मी त्या मनातल्या मनात म्हणत होते, आणि कळायच्या आत माझा आवाज बाहेर... थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!