विमानतळावरून गौलीगुड्याला

दिल्लीहून निघताना बुद्धरत्ननं वडिलांना तीन-तीनदा बजावलं होतं. हैदराबादला उतरलात की टॅक्सी घ्या, थेट बसस्टँडावर जा, आळंदची गाडी धरा, मधे कुठं थांबू नका. नागनाथअण्णांनी मान डोलावली होती. पण सामान घेऊन विमानतळाच्या बाहेर आल्यावर त्यांनी टॅक्सीवाल्यांकडं पाहिलंदेखील नाही. बॅग खांद्याला लावली आणि दारावरच्या पोलिसाला दखनीत विचारलं, शहर को जानेवाली बस किधर मिलती? त्यानं हातानं दाखवलं.

सहासष्ट वर्षांच्या आयुष्यातली बत्तीस वर्षं अण्णांनी बस चालवली होती. दुसऱ्यानं चालवलेल्या मोटारीत मागं बसणं त्यांना कधी जमलं नाही. पण टॅक्सी न घेण्याचं खरं कारण वेगळं होतं. टॅक्सी सरळ बसस्टँडावर नेऊन सोडते, आणि त्यांना आधी गौलीगुड्यात, त्यांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर गुंडेराव यांच्या घरी जायचं होतं. बुद्धरत्नला सांगितलं असतं तर त्यानं आधी फोन करा म्हटलं असतं, आणि फोन नंबरच तर नव्हता.

बस उभीच होती. ड्रायव्हरच्या मागची पहिली खिडकी मिळाली. गाडी हलली तरी इंजिनाचा आवाज येईना, तेव्हा ते पुढं वाकून बघू लागले. ड्रायव्हरला म्हणाले, मीही याच धंद्यातला, गियर कुठाय? तो हसला. विजेवर चालते चाचा, गियर नाही. अण्णा मागं टेकून बसले. त्यांच्या गाडीत हुमनाबादच्या चढावर दोन नंबरचा गियर टाकताना खालून असा काही आवाज यायचा, की गुंडेराव मागच्या सीटवर तिकीट फाडता फाडता म्हणायचे, आलं हुमनाबाद.

आळंद–हैदराबाद ही त्यांची मुक्कामाची गाडी. आज सकाळी निघायचं, गुलबर्गा, हुमनाबाद, जहीराबाद करत हैदराबादच्या इमलीबन स्टँडावर पोचायचं, उद्या परत. त्या गाडीवर नागनाथअण्णा ड्रायव्हर आणि गुंडेराव कंडक्टर, अशी जोडी अकरा वर्षं चालली. अण्णा निंबर्ग्याचे, बौद्ध. गुंडेराव मादन हिप्परग्याचे, ब्राह्मण. पहिले सहा महिने गुंडेराव आपला डबा घेऊन गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसायचे. अण्णांनी ते पाहिलं आणि ठरवून टाकलं, आपण होऊन या म्हणायचं नाही. बोलणंचालणं चांगलं होतं, कामात खोट नव्हती, पण जेवताना मधे अख्खी बस उभी असायची.

मग एका चैत्रात हुमनाबादच्या अलीकडं गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. डेपोची माणसं यायला चार तास लागले. गुंडेरावांनी आपला डबा एका गरोदर बाईला देऊन टाकला होता. अण्णा लिंबाखाली भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन बसले. थोड्या वेळानं गुंडेराव आले आणि समोर मांडी घालून बसले.

"अण्णा, सहा महिने झाले. तुम्ही एकदा बी या म्हणला न्हाईत."

"तुम्ही पलीकडं जायलाव म्हणून म्हणलो न्हाई," अण्णा म्हणाले, आणि अर्धी भाकरी मोडून त्यांच्या हातावर ठेवली.

त्या दिवसापासून दोन डबे एकाच कागदावर उघडू लागले. सावित्रीबाईंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, चटणी दुप्पट कुटावी लागायची.

बस आता उंच पुलावरून चालली होती. दोन्ही बाजूंनी घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या काळ्या टाक्या. हा पूल अण्णांच्या वेळी नव्हता. त्यांना वाटलं, इतक्या वरून जायलोय खरं, पण खालची एक गल्ली ओळखू येईना. शेजारच्या सीटवरच्या मुलीनं विचारलं, कुठं उतरायचं? अण्णा म्हणाले, मेहदीपट्टणमला उतरून अफजलगंजची शहरबस धरणार. ती म्हणाली, टॅक्सीनं अर्ध्या वेळात पोचला असता. अण्णा म्हणाले, मला घाई नाही. खरं तर इतकी घाई त्यांना कित्येक वर्षांत झाली नव्हती.

डबा एक झाला तरी घराचं तसं झालं नव्हतं. एकदा गुंडेरावांना ताप होता म्हणून अण्णा पगाराची पावती द्यायला मादन हिप्परग्याला गेले. गुंडेरावांच्या आई तेव्हा होत्या. अण्णांना बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं आणि चहा बाहेर आला. अण्णा चहा प्यायले, पावती दिली, परत आले. दुसऱ्या आठवड्यात गुंडेराव ड्युटीवर आले तेव्हा जहीराबादपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अण्णांनीही तो विषय काढला नाही. त्यांना राग आला होता, आणि ज्याच्यावर राग आला तोच माणूस रोज समोर बसून जेवायचा, हे त्या वेळी फार जड गेलं होतं.

गुंडेराव निवृत्त झाले, आई आधीच गेल्या होत्या, मुलगा श्रीहरी हैदराबादला नोकरीला. गाव सोडताना ते खास निंबर्ग्याला आले. सावित्रीबाईंच्या हातचं जेवले. निघताना म्हणाले, "अण्णा, आता घर माझं हाय. गौलीगुड्यात, स्टँडापासून चालत. आत बसून जेवायचं. या म्हणायलोय मी."

"येतो," अण्णा म्हणाले होते.

पुढं सावित्रीबाई आजारी पडल्या. वर्षभर दवाखाने झाले आणि त्या गेल्या. त्या गडबडीत अण्णांचा जुना फोन विहिरीत पडला आणि त्यातले सगळे नंबर गेले. डेपोत विचारलं, कुणाकडं नव्हता. बुद्धरत्न येऊन त्यांना दिल्लीला घेऊन गेला. दिल्लीत सून चांगली, नातवंडं गोड, पण दिवसभर मराठी बोलायला कुणी नाही, आणि आपली दखनी बोलावी तर ऐकणारे हसायचे. संध्याकाळी बाल्कनीत बसून ते मनातल्या मनात थांबे म्हणायचे, आळंदपासून इमलीबनपर्यंत, एकही न चुकता. अडीच वर्षं अशी काढल्यावर त्यांनी मुलाला सांगितलं, मला गावी जाऊ दे.

अफजलगंजला उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. इथलं मात्र सगळं ओळखीचं निघालं. दवाखान्याची भिंत, फळांच्या गाड्या, पलीकडं मुसी नदी. गौलीगुड्यात दोन ठिकाणी विचारावं लागलं. तिसऱ्या दुकानदारानं श्रीहरीचं नाव ऐकून जिना दाखवला.

दार मालतीबाईंनी उघडलं. गुंडेरावांच्या बायकोला अण्णांनी आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं. त्यांनी क्षणभर निरखलं.

"नागनाथअण्णा ना?"

"व्हय, वहिनी. राव हायेत का?"

बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, आत या. आत भिंतीवर गुंडेरावांचा फोटो होता आणि त्याला हार होता. अण्णा उभेच राहिले. मागच्या श्रावणात, मालतीबाई म्हणाल्या. झोपेतच गेले. तुम्हाला कळवायला श्रीहरीनं आळंदच्या डेपोत फोन केला होता, ते म्हणाले दिल्लीला गेलेत, पत्ता माहीत नाही.

अण्णा खुर्चीवर बसले. बॅग खांद्यावरच होती, ती उतरवायचं त्यांना सुचलं नाही. मालतीबाईंनीच ती काढून भिंतीशी ठेवली.

मग त्यांनी सांगितलं, इथं आल्यापासून हे रोज दुपारी स्टँडावर जायचे. आळंदची गाडी लागली की ड्रायव्हरला विचारायचे, नागनाथअण्णा कसे हायेत. आधी बरे आहेत असं उत्तर यायचं, मग बायको वारल्याचं कळलं, मग दिल्लीला गेल्याचं. त्यानंतरही जाणं थांबलं नाही. मी म्हणायची, ते तर गावात नाहीत, कामून जायलाव? तर म्हणायचे, परत आले तर ह्याच गाडीनं येतील.

अण्णांनी डोळे पुसले नाहीत. ते म्हणाले, "येतो म्हणलो होतो. मी आलो न्हाई."

"आलात की," मालतीबाई म्हणाल्या.

त्यांनी स्वयंपाकघरात दोन ताटं वाढली, एक अण्णांना आणि एक स्वतःला. पोळी, मेथीची भाजी, वरण, आणि साधा भात. अण्णांनी पोळी मोडली. त्यांना वाटत होतं, समोर राव असते तर एक शब्दही बोलले नसते, नुसतं वाढलं असतं. जेवताना मालतीबाईंनी विचारलं, तुमची अकरा वर्षं कशी गेली ते सांगा. मला ते काहीच सांगायचे नाहीत. घरी आले की गाडीचं नाव काढायचे नाहीत.

अण्णांनी पाटा तुटल्याची गोष्ट सांगितली. मग एकदा जहीराबादजवळ पुराच्या पाण्यात गाडी अडकली ती सांगितली, आणि गुंडेरावांनी एका हरवलेल्या म्हातारीला आळंदपर्यंत आपल्या सीटवर बसवून आणलं ती. मालतीबाई मधेच हसल्या. कट्ट्यावरच्या चहाची गोष्ट अण्णांनी सांगितली नाही. पण मालतीबाईंना ती माहीत होती. आपण होऊन म्हणाल्या, "तो कप बाहेर मीच आणून ठेवला होता. तेव्हा तोंड उघडलं न्हाई मी."

अण्णांनी ताटातला शेवटचा घास घेतला. मग म्हणाले, "चहा चांगला होता, वहिनी."

आळंदची तीनची गाडी केव्हाच निघून गेली. मालतीबाई म्हणाल्या, पाचला अजून एक आहे. अण्णांनी हात धुतले, परत येऊन बसले आणि पुढची गोष्ट सुरू केली.