उपाशी पेशी

नव्वदीच्या मध्यात मी बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होते आणि चक्क एका प्रोटीनच्या प्रेमात पडले होते. इस्ट्रोजेन रिसेप्टर! हे पेशीच्या केंद्रकात असतं. त्याचा एक भाग डीएनए धरतो, दुसऱ्या भागात छोटासा खण असतो. इस्ट्रोजेन हे हार्मोन त्या खणात शिरलं की डब्याला झाकण बसावं तशी प्रोटीनची शेवटची घडी त्यावर मिटते, आकार बदलतो आणि जीन सुरू होतो. एवढासा रेणू येतो काय आणि अख्खी पेशी कामाला लागते काय! भेटेल त्याला मी हेच सांगत सुटायची. घरचे तर मला बघून पळ काढायचे.

प्रयोगासाठी मी पेशींत काजव्याचा उजेड पाडणारा जीन घातला होता. तो सुरू करणं रिसेप्टरच्या हातात. हार्मोन दिलं तर उजेड, नाही दिलं तर अंधार, असं व्हायला हवं होतं. माझ्या मात्र दोन्ही बशा सारख्याच उजळत. शेवटी माझे गाईड म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपर्यंत फरक दिसला नाही तर हा विषय बंद. तू यीस्टवर काम सुरू कर."

यीस्ट! मला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. यशवंतपूरच्या आमच्या घरी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी असा थाट. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुन्हा ताट पुढे केलं.

"स्वल्प वाढ गं अजून. उपासाचंच आहे ना सगळं?"

"एकादशी अन् दुप्पट खाशी!" आई करवादली.

माझा घास हातातच राहिला. माझ्या पेशींचा उपासही असाच होता की! हार्मोन मी दिलं नव्हतं, पण खुराक म्हणून सीरम देत होते. सीरम वासराच्या रक्ताचं, आणि रक्तात हार्मोन असतंच. शेजारच्या लॅबची कृती मी डोळे मिटून उचलली होती. त्यांना हार्मोनशी काही देणंघेणं नव्हतं, मला होतं!

"अगं, ताट तरी संपव! कुठे निघालीस?"

एकादशीला आईपुढे वासराच्या रक्ताचं नाव काढायची सोय नव्हती. "सरी सरी, बरं, आलेच," म्हणत मी बस गाठली.

सीरममध्ये कोळशाची बारीक पूड ढवळली. हार्मोन कोळशाला चिकटतं. मग कोळसा तळाशी बसवून वरचं सीरम गाळून घेतलं आणि त्यावर नव्या पेशी वाढवल्या.

शुक्रवारी दुपारी गाईड स्वतः उजेड मोजायच्या यंत्रापाशी येऊन उभे राहिले. हार्मोन न दिलेल्या पेशींची नळी आधी ठेवली. जवळजवळ अंधार! मग दुसरी ठेवली आणि आकडा चढतच गेला. त्यांनी चष्मा पुसला, आकडा परत वाचला.

"पुन्हा कर," एवढंच म्हणून ते निघून गेले.

बंद करायच्या विषयातला प्रयोग कुणी पुन्हा करायला सांगत नाही. दार लागताच मी आनंदाने किंचाळले.