गोधडीची कड

आमचे हे सुरतेत लूमच्या कारखान्यात कापड तपासायचे आणि घरी आले की आम्हाला तपासायचे. कतारगामच्या आमच्या एका खोलीत गोधड्यांची थप्पी लावताना कडेला कड जुळलीच पाहिजे. बोटभर फरक दिसला की सगळी मोडून परत लावायला लावायचे.

लेकीचा दहावीचा गणिताचा पेपर होता, त्या सकाळीही यांनी तिला दारातून परत बोलावलं. पोरगी रडत घड्या घालत बसली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, पेपर काय गोधडीवर लिहायचाय का तिला?"

यांची थोरली बहीण गावाहून आलेली. लेक पेपरला गेल्यावर ती मला म्हणाली, "अगं, त्याच्यावर नको चिडू. आई गेल्यावर बाबा याच्याकडूनच अंथरुणांच्या घड्या घालून घ्यायचे. घडी वाकडी झाली तर भाकर नाही. कितीदा उपाशीच शाळेत गेलाय तो."

मला कीव यायला हवी होती. नाही आली, बाई. उलट संताप वाढला. ज्यानं स्वतः सोसलं, त्यानंच ते लेकीला द्यावं?

दुपारी लेक आली. म्हणाली, "आई, आकडे एका ओळीत येईनात. खोडून खोडून लिहीत बसले. तीन गणितं राहिली."

मी यांना म्हटलं, "बापाला तुम्ही कधी बोलला नाहीत. आता लेकीसमोर बसा आणि चुकलो म्हणा."

हे बसायला आले आणि आधी चटई सरळ करू लागले. तेव्हा माझ्याआधी लेकच ओरडली, "पप्पा, राहू द्या ना वाकडी!"