वहिनीची उजेडाची दांडी

सोल्डरिंगचा वास आला की मला आमची वहिनी आठवते. चिंचपोकळीची आमची चाळ आठवड्याभरात पाडणार होते आणि वहिनीला चाळीचा एक शेवटचा फोटो हवा होता. तिने मखराची एलईडी पट्टी पडद्याच्या दांडीला चिकटवून सोल्डरिंगने बॅटरी जोडली. उजेड असा, की माहीमच्या होड्या दीपगृह समजून वळल्या! कॅमेरा मिनिटभर उघडा ठेवून अंधारात ही दांडी फिरवायची, म्हणजे फोटोत उजेडाच्या रेघा उमटतात; म्हणून मी कुणाला न सांगता मेन स्विच पाडला. लगेच अख्खी चाळ मोबाइलचे टॉर्च घेऊन गॅलरीत. "लाईट गेली काय गो?" समोरच्या काकू कडाडल्या. मी म्हटलं, गेला फोटो! वहिनी मात्र चौकात दांडी गरगरा फिरवत ओरडली, "बंद नको, हलवा ते टॉर्च!" आज भिंतीवरच्या त्या फोटोत माणूस एकही दिसत नाही, पण उजेडाची कुठली रेघ कुणाची ते मी बरोबर सांगतो, सगळ्यात भांडकुदळ ती समोरच्या काकूंची.