मंजूर मसुदा

"मंजूर मसुदा मोडू न्हाई, बाबूजी," असं म्हणत चाचा टाइपरायटरमधून कागद काढायचे आणि उन्हात धरून अक्षर न अक्षर तपासायचे. लातूरच्या कलेक्टर कचेरीबाहेर, लिंबाच्या झाडाखाली त्यांचं टेबल होतं. असा एखादा टायपिस्ट तुम्हीही पाहिला असेल.

जिल्हा नवा, मी कारकून नवा, आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी बेपत्ता. टँकर मागायला गावंच्या गावं यायची. मंजूर झालेल्या अर्जाची प्रत चाचा जपून ठेवत आणि फक्त नाव बदलून पुढच्या गावाला तोच मसुदा देत. एकदा विहीरच नसलेल्या गावाच्या अर्जात 'आमच्या विहिरी आटल्या' असं गेलं. मी हसलो.

"हसता काय? टँकर आला न्हवं?"

आला होता खरा.

त्यांचा एकुलता मुलगा उदगीरहून विलायतेला कारखान्यात गेला होता. त्याची पत्रं थांबली तेव्हा चाचांनी तिथल्या पोलिसांना लिहिलं. उत्तर आलं : 'आपण वर्णन केलेला एशियन तरुण अमेरिकेला गेला आहे.' सोबत शहराचं नाव. चाचांनी त्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"एशियन. इंग्रज सरकारनं दिलेला लफ्ज हाय. लई पक्का."

झालं, मसुदा मंजूर. अमेरिकेतल्या त्या शहराच्या पोलिसांना त्यांनी लिहिलं : एशियन, पुरुष, वय सव्वीस. तिकडून कळवलं गेलं की असा कुणी एशियन इथल्या इस्पितळांत नाही. चाचांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "दवाखान्यात न्हाई, म्हंजे खुशाल हाय."

वर्षभरानं अमेरिकेत राहणारे औशाचे एक डॉक्टर दाखला टाइप करायला आले. चाचांनी त्यांना अमेरिकेला धाडलेल्या पत्राची प्रत कौतुकानं दाखवली. डॉक्टरांनीही त्याच शब्दावर बोट ठेवलं.

"चाचा, विलायतेत एशियन म्हणजे आपण. अमेरिकेत हा शब्द वाचला की लोक चिनी, जपानी चेहरा शोधतात."

"मंग आपल्याला काय म्हणत्यात?"

"इंडियन म्हणावं तर त्यांना तिथले आदिवासी आठवतात. अंगावरच्या खुणा लिहा, चाचा."

चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा मसुदा मोडला. चाचींना विचारून लिहिलं : डाव्या भुवईत खोक, उजव्या मनगटावर तव्याचा डाग.

उत्तर मीच वाचून दाखवलं. या खुणांचा तरुण अपघातानंतर अकरा आठवडे इस्पितळात बेशुद्ध होता. नोंद 'मेक्सिकन' अशी होती. वारस न आल्यानं तिथंच पुरला. खाली तारखा होत्या.

"बाबूजी, अमेरिकेत माझं पयलं पत्र पोचलं तवा तो खाटेवर होता?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं. आजही मला त्याची लाज वाटते.

लिंबाखालचं ते टेबल पुढं फार दिवस राहिलं नाही. शेवटचं आठवतं ते असं. दुष्काळात कामाला गेलेला नवरा परतला नाही म्हणून एक बाई अर्ज लिहायला आली होती.

"रंग?"

"सावळा."

"सावळा कुठंबी चालत न्हाई. खुणा सांग."

तिनं पायाची वाकडी करंगळी सांगितली, पाठीवरचा तीळ सांगितला. कागद संपला, चाचांनी दुसरा चढवला. बाई आठवून आठवून दमली, रडायला लागली. तरी चाचा विचारतच होते, "अजून सांग, माय. अजून काय हाय त्याच्या अंगावर?"